आधी आराखडा, मग गुंठा

पुण्यातून सोलापूर रस्त्याने बाहेर पडलं की मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन हा पट्टा लागतो. मुठेच्या उजव्या कालव्याने इथली जमीन बागायती केली. ऊस, पालेभाज्या, फुलं ही इथली पिकं. आज त्याच जमिनीत उसाच्या फडाला लागून पांढऱ्या फक्कीच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि प्लॉटविक्रीचे फलक दिसतात. नगर रस्त्याला वाघोली, पश्चिमेला हिंजवडी-माण, उत्तरेला चाकण, दक्षिणेला खेड शिवापूर, कुठूनही बाहेर पडा, चित्र हेच आहे.

शहर वाढणारच. कामासाठी येणारी माणसं कुठेतरी राहणार, आणि ज्याची जमीन आहे त्याला ती विकायचा हक्कही आहे. या दोन्ही गोष्टी मान्य करूनच सांगायचं आहे की भोवतालच्या जमिनीचं, विहिरींचं आणि ओढ्यांचं खरं नुकसान होतं ते उलट्या क्रमामुळे. आधी गुंठा विकला जातो. मग घर उभं राहतं, मग रस्ता-पाण्यासाठी मोर्चे निघतात, मग गाव महापालिकेत जातं, त्यानंतर आराखडा करायला घेतात आणि तो होईपर्यंत नियमितीकरणाचा निर्णय येतो. नियोजन शेवटी आलं की त्याच्या हातात काहीच उरत नाही. रस्त्याला जागा नसते, ओढा बुजलेला असतो, मैलापाण्याचा प्रकल्प बांधायला सलग एकरभर जमीन मिळत नाही.

पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना 1997 मध्ये मंजूर झाली. त्यानंतर हिंजवडी उभी राहिली, चाकणचा औद्योगिक पट्टा फुगला. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झालं 2015 मध्ये. त्याचा प्रारूप विकास आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या, आणि 2025 मध्ये शासनाने तो रद्द केला. महापालिकेत 2017 साली 11 गावं आली आणि 2021 साली आणखी 23. आधी आलेल्या 11 गावांचा आराखडा वर्षानुवर्षं रखडला. या सगळ्या काळात जमिनीची विक्री मात्र एक दिवसही थांबली नाही.

गुंठेवारी, म्हणजे शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने विकणं, कशी होते ते नीट पाहायला हवं, कारण उपाय तिथेच सापडतो. एजंट शेतकऱ्याशी विसार, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन खरेदीचा करार, करतो. रोख थोडी, मुदत लांब. त्या मुदतीत तो प्लॉट विकतो आणि आलेल्या पैशातून शेतकऱ्याची रक्कम फेडतो. स्वतःचं भांडवल त्याला फारसं लागत नाही. जेसीबी लावून बांध मोडले जातात, ताली सपाट होतात, मुरूम टाकून 15-20 फुटांचे रस्ते केले जातात, फक्की मारली जाते. 1947 चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकू देत नाही. पुणे जिल्ह्यात बागायतीला हे क्षेत्र अनेक वर्षं 11 गुंठे होतं. 2023 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे झालं. ही अट पुरी करायला दहा-अकरा खरेदीदार मिळून एकच खरेदीखत करतात आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लागतात. कोणाचा तुकडा नेमका कुठला, हे फक्त एजंटच्या कागदावरच्या नकाशात असतं. भूमी अभिलेखच्या मोजणीत तो तुकडा अस्तित्वातच नसतो. घर बांधल्यावर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा हातात पडतो आणि घेणाऱ्याला वाटतं, घर कायदेशीर झालं. तो उतारा कर आकारणीचा असतो. त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकामाची परवानगीही मिळत नाही.

अशा व्यवहारांची दस्तनोंदणी रोखणारं परिपत्रक जुलै 2021 मध्ये निघालं. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवलं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा. त्याची मूळ मुदत 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या भूखंडांसाठी होती, ती 2021 मध्ये 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली गेली. तुकडेबंदीचा भंग करून झालेले व्यवहार नियमित करायचं शुल्क 2017 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत होतं, पुढे ते 5 टक्क्यांवर आलं. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत आणखी शिथिलता जाहीर केली आणि वर्षअखेरीला जो अध्यादेश निघाला त्यात शुल्कही उरलं नाही. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून गुंठा-दोन गुंठे घेतले त्यांच्या नावावर जमीन लागावी, याला विरोध करण्याचं कारण नाही. ती माणसं फसवली गेलेली आहेत. पण दर काही वर्षांनी मुदत पुढे सरकते हे एजंटला पक्कं ठाऊक झालं आहे आणि तो त्याच भरवशावर पुढचं रान फोडतो. शुल्क शून्यावर आणताना त्या वस्तीच्या गटाराचा आणि ओढ्याचा खर्च कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहायला हवं होतं. ते लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते या निर्णयातली सर्वांत मोठी चूक हीच आहे.

आता एका गुंठ्यात काय होतं ते मोजून पाहू. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, बाजू 33 फुटांची. त्यात घर, शौचालयाची टाकी, शोषखड्डा आणि बहुतेक ठिकाणी बोअर. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा किमान 18 मीटर लांब असावा, असं भारतीय मानक सांगतं. 18 मीटर म्हणजे 59 फूट. गुंठ्याचा कर्णच 47 फूट भरतो. प्लॉटच्या एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तरी हे अंतर बसत नाही. शेजारच्याचा खड्डा तर याहून जवळ. कोणी कितीही काळजी घेतली तरी ही चूक टळणार नाही, कारण ती प्लॉटच्या आकारातच आहे.

त्यात खालची जमीन दख्खनच्या काळ्या दगडाची. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगांचा खडक. काळ्या मातीत खड्डा घेतला तर पाणी शोषलं जात नाही, पावसाळ्यात तुंबून वर येतं. म्हणून गवंडी खड्डा मुरमापर्यंत खोल नेतो. तिथे पाणी झटपट उतरतं आणि घरमालकाला वाटतं, खड्डा झकास झाला. पण परिसरातल्या विहिरींचे झरे याच मुरमाच्या थरातून फुटतात. दोन-तीन वर्षांत खालच्या अंगाच्या विहिरीला वास येऊ लागतो आणि तिचं पाणी पिण्यालायक राहत नाही.

दहा एकरांचा हिशेब मांडून पाहू. दहा एकर म्हणजे 400 गुंठे. रस्त्यांना पाचवा हिस्सा सोडला तर एकेका गुंठ्याचे 320 प्लॉट पडतात. प्रत्येक घरात चार माणसं धरली तर 1280 माणसं. माणशी 135 लिटर या शहरी मापाने रोज सुमारे 1 लाख 73 हजार लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे सतरा टँकर. याच दहा एकरांत ऊस असता आणि त्याला वर्षाला 2000 मिलिमीटर पाणी धरलं, तर दिवसाची सरासरी सव्वादोन लाख लिटरच्या आसपास येते. म्हणजे वस्ती शेतीपेक्षा जास्त पाणी पिते हा समज बागायती पट्ट्यात तरी खरा नाही. फरक आहे तो दुसरीकडे. उसाला पाण्याची पाळी पुढे-मागे झाली तरी चालतं, माणसांना रोज लागतं. उसाला कालव्याचं पाणी होतं, वस्तीला बोअर आणि टँकरशिवाय काही नाही. आणि वस्तीच्या पाण्यापैकी 80 टक्के, म्हणजे रोज 1 लाख 38 हजार लिटर, मैलापाणी होऊन बाहेर पडतं. ते जाणार कुठे? जवळच्या ओढ्यात.

त्या ओढ्याची अवस्थाही पाहा. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर दहा एकरांवर 20 लाख लिटर पाणी पडतं. बांध आणि ताली असलेल्या रानातून त्यातलं 30 टक्के वाहून गेलं असं धरू, म्हणजे 6 लाख लिटर. पत्रे, स्लॅब आणि दाबलेल्या मुरमाच्या वस्तीतून 80 टक्के वाहतं, म्हणजे 16 लाख लिटर. एका तासात एवढं पाणी वाहून न्यायला दोन फुटी सिमेंटचा पाइप काठोकाठ भरतो. आणि नेमका तोच दोन फुटी पाइप ओढ्यात टाकून वर भराव केलेला असतो, ओढ्याला मात्र वरून शेकडो एकरांचं पाणी येतं. मग ते रस्त्यावरून, घरांतून आणि खालच्या शेतांतून वाट काढतं. शेतातून गेलं की वरची सुपीक माती घेऊन जातं. सप्टेंबर 2019 मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसं, जनावरं, गाड्या वाहून गेल्या. आजच्या मांजरी-वाघोलीचे ओढे त्याच वाटेवर आहेत. ओढ्याची जागा सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीलायक नसलेली, म्हणून लागते. एजंट ती रिकामी जागा समजून राडारोड्याने बुजवतो, तिथेही प्लॉट पाडतो, आणि सामाईक सातबाऱ्यात ती चोरी दिसतच नाही.

शेती मरते ती मात्र विकलेल्या जमिनीपेक्षा न विकलेल्या जमिनीत, आणि याची चर्चा फारशी होत नाही. कालव्याच्या वितरिकेतून चारी निघते, चारीतून पोटचारी. पोटचारी ही अरुंद मातीची नाली, एका शेताच्या कडेने दुसऱ्याच्या शेतात जाणारी. वरच्या अंगाला एकाने प्लॉटिंग करून पोटचारी बुजवली किंवा तिच्यावर कंपाउंडची भिंत घातली की खालचे सगळे शेतकरी आवर्तनाला, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीला, मुकतात. त्यातले काही बोअरवर जातात, काही नमुना 7 चा पाणीमागणी अर्ज भरणंच सोडून देतात. अर्ज घटले की सिंचनाखालचं क्षेत्र घटल्याची नोंद होते, आणि त्या नोंदीच्या आधारे शेतीचं पाणी शहराला वळवणं सोपं जातं. एका भिंतीचा परिणाम असा धरणापर्यंत पोहोचतो.

त्याच्या जोडीला वहिवाटीचा प्रश्न. ऊसतोडीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह वळायचा तर रुंद वाट लागते, आणि प्लॉटच्या तारेच्या कुंपणाने पाणंद आठ-नऊ फुटांवर येते. कारखान्याची टोळी मग त्या फडाकडे फिरकत नाही, फड उशिरा तुटतो, वजन घटतं. विजेच्या त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) नव्या घरांचा भार आला की दाब उतरतो आणि पंपाच्या मोटारी जळतात. शेळ्या-वासरांवर मोकाट कुत्र्यांचे हल्ले होतात, फवारणीला शेजारी हरकत घेतात, कडेच्या सऱ्यांत प्लास्टिक साचतं. मजूर बांधकामावर जातो, कारण तिथे रोज जास्त मिळतो. यातलं एकेक सोसता येतं. सगळं मिळून मात्र शेतकरी म्हणतो, आता विकूनच टाकू. कागदावर तो स्वखुशीने विकतो, पण त्याआधी त्याच्या हातातून बाकीचे सगळे पर्याय गेलेले असतात.

वाट आणि पाणी अडवल्याबद्दल दाद मागायची सोय कायद्यात आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराला अडथळा काढायचा हुकूम देता येतो. महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. अडचण अशी की 1906 च्या कायद्याखाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. शेतकऱ्याला पोटचारी बुजल्याचं कळतं पुढच्या आवर्तनाला, त्यानंतर तो चार महिने गावकीत मिटवायचा प्रयत्न करतो, तोवर मुदत संपते. आणि दावा लावला तरी समोर एक माणूस नसतो, सामाईक सातबाऱ्यावरची अकरा नावं असतात. त्यातली निम्मी मुंबई-पिंपरीत राहणारी, त्यांना नोटीस बजावण्यातच वर्ष जातं.

पाण्याचं मोठं गणितही याच वळणाचं आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या पुण्याच्या धरणांचा मिळून साठा सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट). पुण्याचा मंजूर कोटा 11.5 टीएमसी होता आणि शहर प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त उचलत आलं आहे. त्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला 6.5 टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात सोडायचं ठरलं. दौंडकडच्या शेतकऱ्याची तक्रार या पाण्याच्या मात्रेपेक्षा त्याच्या दर्जाबद्दल जास्त आहे. शहराचं सगळं मैलापाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, न पोहोचलेलं नदीत मिसळतं आणि कालव्यात तेच येतं. गुंठेवारीच्या वस्त्यांना गटारजाळंच नसल्यामुळे या न पोहोचणाऱ्या पाण्यात दरवर्षी भरच पडते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. रिक्षा चालवणारा, सोसायटीत पहारा करणारी, एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेला, अशा माणसाला शहरात फ्लॅट परवडत नाही. गुंठा त्याच्या आवाक्यात असतो, हप्त्याने मिळतो, कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. प्लॉटिंग बंद करा म्हणणाऱ्याने या माणसाने राहावं कुठे, हेही सांगितलं पाहिजे. नुसत्या बंदीने आजवर काही साधलं नाही. पुण्याच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि दरम्यान अनेक ठिकाणी उतारावर घरं चढली. मालकाला काहीच न देता नकाशावर हिरवा रंग मारला तर तो टिकत नाही.

म्हणूनच नगररचना योजनेकडे वळायला हवं. ही नवी कल्पना नाही. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात ती होती, आणि पुण्यातल्या शिवाजीनगर-एरंडवण्याच्या मिळकतींच्या कागदांवर आजही फायनल प्लॉटचे क्रमांक दिसतात ते त्याच योजनांमुळे. तिथले सरळ रस्ते आणि झाडी योगायोगाने आलेली नाही. महाराष्ट्र आणि गुजरात दोघांनाही हा कायदा वारशात मिळाला. गुजरातने तो वापरत ठेवला, अहमदाबादच्या 76 किलोमीटरच्या वळण रस्त्याची बरीचशी जमीन अशा योजनांतून आली. महाराष्ट्रात तो काही दशकं जवळपास अडगळीत पडून होता. आता पीएमआरडीएने माण-म्हाळुंगेला सुमारे 250 हेक्टरांवर आणि सिडकोने नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या नैना क्षेत्रात तो पुन्हा बाहेर काढला आहे.

पद्धत अशी. गावातली शे-दोनशे हेक्टर जमीन एकत्र धरायची. त्यातून रस्ते, गटार, उद्यान, शाळा, स्वस्त घरं यांच्यासाठी 40 ते 50 टक्के काढायची. उरलेली जमीन मूळ मालकांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपात परत द्यायची. भूसंपादनात एकाची सगळी जमीन रस्त्यात जाते आणि शेजाऱ्याची रस्त्याकडेला येऊन सोन्याची होते. इथे तोटा आणि फायदा दोन्ही वाटले जातात. शेतकऱ्याकडे निम्मीच जमीन राहते, पण विकायची तर चढ्या भावाने विकता येते, किंवा न विकता भाड्याने देता येते. कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठी 10 टक्क्यांपर्यंत जमीन राखायची तरतूद याच योजनेत आहे. रिक्षावाल्याचा गुंठा तिथे निघायला हवा, गटार आणि नळासकट.

मगरपट्टा हे शेतकऱ्यांनी स्वतः केलेलं उदाहरण नेहमी दिलं जातं. सुमारे 120 कुटुंबांनी 400 एकरांहून जास्त जमीन एकत्र आणली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. ते काम खरंच मोठं आहे. पण तिथे एक भावकी होती, सलग जमीन होती आणि शहर शिवेला टेकलेलं होतं. जिथे गट आधीच वीस एजंटांनी फोडला आहे, तिथे ते जमत नाही. त्यामुळे वेळ महत्त्वाची. पहिला प्लॉट विकण्याआधी योजना जाहीर झाली तर ती बसते. तीनशे प्लॉट विकल्यावर जाहीर झाली तर लवादाकडे तीनशे घरमालकांच्या हरकती जातात आणि योजना दहा वर्षं अडकते. माण-म्हाळुंगेसारख्या योजना रेंगाळल्या की शेजारची गावं एजंटकडे वळतात. म्हणून प्रारूप मंजूर होताच रस्त्यांच्या जागेचा ताबा घेऊन तो रस्ता प्रत्यक्ष करणं गरजेचं आहे. कायद्यात त्याची मुभा आहे.

सगळी जमीन नगररचनेत घालायची, असा याचा अर्थ नाही. कालव्याच्या लाभक्षेत्रातले सलग चांगले पट्टे बाहेर ठेवावेत आणि तिथल्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता येणारे बांधकामाचे हक्क, द्यावेत. ते हक्क शेजारच्या योजनेत जास्त मजले बांधणाऱ्याने विकत घ्यावेत. अंजीर-सीताफळाच्या पुरंदरमध्ये विमानतळासाठी सात गावांच्या जमिनीचा प्रश्न पेटला आहे. विमानतळाच्या कुंपणाबाहेर पुढची वीस वर्षं काय होणार, हे आत्ताच ठरवलं नाही तर उरलेल्या बागांना त्या सात गावांपेक्षाही कमी मिळेल, कारण त्यांना मोबदलासुद्धा नसेल.

नियमितीकरण करायचंच आहे, तर त्याला तीन अटी जोडता येतील. वस्तीतला ओढा मूळ रुंदीला मोकळा झाल्याशिवाय तिथल्या एकाही तुकड्याची नोंद लागू नये. एकेका प्लॉटचे शोषखड्डे बंद करून वस्तीची एकत्र मैलापाणी व्यवस्था व्हावी आणि तिच्यासाठी विकास आकार घ्यावा, जो त्याच गावाच्या खात्यात राहील. आकाराचा मोठा वाटा मात्र ज्याने प्लॉट पाडले त्याच्याकडून वसूल व्हावा. खरेदीखतांवर त्याचं किंवा त्याच्या कुलमुखत्याराचं नाव असतंच, शोधायला जावं लागत नाही. आणि पोटचारी, पाणंद पूर्ववत करून सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्यांची नोंद व्हावी.

शेवटच्या कामासाठी अध्यादेशाची वाट पाहायचीही गरज नाही. ज्या गावांत अजून फक्की पडलेली नाही, तिथल्या ग्रामसभेने ठराव करून गावनकाशावरचे सगळे ओढे, चाऱ्या आणि शिवरस्ते यांची भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणी मागवावी, हद्दीचे दगड रोवून घ्यावेत आणि मोजणीची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात देऊन ठेवावी. हे काम उन्हाळ्यात व्हायला हवं, ओढे कोरडे आणि रानं मोकळी असताना. पेरणी झाली की मोजणीदाराला बांधावरून फिरणंही अवघड होतं.